शाळा फारशी न शिकलेले मेहबूब खान, आणि त्यांचे चित्रपट घरी बघणारी आपली मुलं

शिरगाव (मावळ) : २७ मे १९६४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू गेले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, मुंबईत मेहबूब खान यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय अवघं ५६. सगळा देश नेहरूंच्या दुःखात बुडालेला होता, त्यामुळे एका चित्रपट दिग्दर्शकाच्या जाण्याची बातमी मागे पडली. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे नाव समजावून सांगावं लागत नव्हतं. आज मात्र घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला विचारा, मेहबूब खान कोण? फार तर वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ त्याला ऐकून माहीत असतो. त्या स्टुडिओला ज्यांचं नाव आहे तो माणूस बिलिमोऱ्याच्या गरीब घरातून आला होता, शाळेत फारसा गेला नव्हता, आणि भारताकडून ऑस्करच्या अंतिम यादीत पोहोचलेला पहिला चित्रपट त्याने बनवला होता, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आम्ही शिरगावात राहतो. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव, बाहेरच्यांना ते प्रतिशिरडीमुळे माहीत असतं. इथल्या आणि आसपासच्या मुस्लिम घरांत जुने चित्रपट थिएटरात जाऊन बघितलेल्या बायका फार थोड्या. पुरुष मंडळी पुण्याला किंवा तळेगावला कामानिमित्त गेली की एखादा खेळ बघून यायची. उरूस-जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. घरातल्या बायकांपर्यंत गाणी यायची ती रेडिओवरून. पिक्चर यायचा तो बघून आलेल्याच्या तोंडून, गोष्ट म्हणून. पुढे दूरदर्शनवर रविवारी चित्रपट लागू लागला, पण टीव्ही घराघरांत नव्हता आणि ज्या घरात होता तिथे सगळ्यांना बसायला मिळायचंच असं नाही. आता फोन टीव्हीला जोडला की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा चित्रपट घरातल्या घरात दिसतो. म्हणजे नातवंडं आणि त्यांची दादी, दोघंही तो पहिल्यांदाच आणि एकत्र बघतायत. हे आपल्या घरांत नव्यानेच घडतंय. अशा वेळी सुरुवात कुणापासून करावी, तर आमच्या मते मेहबूब खान यांच्यापासून. का, ते त्यांच्या आयुष्यातूनच कळतं.

बिलिमोऱ्याहून मुंबई

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०७ चा. गाव बिलिमोरा, तेव्हाच्या बडोदा संस्थानातलं, आज गुजरातच्या नवसारी जिल्ह्यातलं. मुंबई-सुरत रेल्वेवरचं हे गाव. घरची परिस्थिती बेताची. लिहिणं-वाचणं जेमतेम. पण सिनेमाचं वेड डोक्यात शिरलं आणि पोरगा मुंबईला आला.

तो काळ मूक चित्रपटांचा. अर्देशिर इराणी यांची इंपीरियल फिल्म कंपनी जोरात होती. तिथे मेहबूब यांना काम मिळालं ते गर्दीतल्या माणसाचं, म्हणजे एक्स्ट्राचं. १९२७ च्या ‘अलिबाबा आणि चाळीस चोर’ या मूकपटात ते चाळीस चोरांपैकी एक होते. मातीच्या रांजणात लपून बसणारा चोर. पडद्यावर तोंड दिसलं तर दिसलं!

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘आलम आरा’ लागला. भारताचा पहिला बोलपट. त्याच्या नायकासाठी मेहबूब यांचं नाव पुढे आलं होतं असं चित्रपटसृष्टीत सांगितलं जातं. भूमिका मात्र मिळाली मास्टर विठ्ठल यांना. मूकपटातले ते गाजलेले मराठी नट, त्यांच्या नावावर तिकिटं खपायची. त्या वेळी मेहबूब यांना वाईट वाटलंच असणार. पण मागे वळून बघितलं तर नायक न होणं त्यांच्या पथ्यावरच पडलं.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. जुनी फिल्म लवकर पेट घ्यायची, खराब व्हायची, आणि कित्येकदा त्यातली चांदी काढण्यासाठी ती विकली जायची. १९६४ मध्ये, म्हणजे मेहबूब गेले त्याच वर्षी, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते असे चित्रपट जपून ठेवण्यासाठी. लॉ कॉलेज रस्त्यावर ते आहे, आमच्या मावळातून लोकलने शिवाजीनगरला उतरलं की फार लांब नाही. आज जे जुने चित्रपट आपण घरात बसून बघू शकतो, त्यांच्या मागे कुणीतरी प्रती सांभाळल्याचे कष्ट आहेत.

पडद्यावरून कॅमेऱ्याच्या मागे

मेहबूब सागर फिल्म कंपनीत गेले. छोट्या-मोठ्या भूमिका करता करता ते दिग्दर्शकांच्या शेजारी उभे राहून काम बघत होते. पुस्तकातून शिकायची सोय नव्हती, म्हणून डोळ्यांनी शिकले. १९३५ मध्ये त्यांना पहिला चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला, ‘अल हिलाल’. उस्मानी तुर्क आणि रोमन यांच्या संघर्षाची ती पोशाखी गोष्ट होती. लोकांना आवडली.

मग एकामागून एक कामं येत गेली. १९३६ मध्ये त्यांनी ‘डेक्कन क्वीन’ नावाचा चित्रपट केला. आमच्या मावळातल्या वाचकांना हे नाव वाचून गंमत वाटेल. त्याच नावाची मुंबई-पुणे गाडी १९३० मध्ये सुरू झाली होती आणि आजही लोणावळ्यावरून जाते. पुढे ‘मनमोहन’, ‘जागीरदार’, ‘वतन’, ‘एक ही रास्ता’.

१९४० मध्ये आला ‘औरत’. एका शेतकरी बाईची गोष्ट. नवरा सोडून गेलेला, दारात सावकार, पदरात पोरं. नायिका होत्या सरदार अख्तर. पुढे १९४२ मध्ये मेहबूब यांनी त्यांच्याशी विवाह केला. मेहबूब यांचं पहिलं लग्न फातिमा यांच्याशी झालेलं होतं आणि त्यांना मुलंही होती. ‘औरत’मधला सावकार केला होता कन्हैयालाल यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९४२ च्या ‘रोटी’त मेहबूब यांनी पैशाच्या हव्यासावर थेट बोट ठेवलं. जिथे माणसं पैसा ओळखतच नाहीत, अशी आदिवासी वस्ती एकीकडे. सोन्याच्या मागे धावणारं शहर दुसरीकडे. या चित्रपटात अख्तरीबाई फैजाबादी आहेत, म्हणजे गझलच्या बेगम अख्तर. ज्यांनी त्यांचा फक्त आवाज ऐकलाय, त्यांनी त्यांना बघण्यासाठी तरी हा चित्रपट बघावा.

आपल्या घरांच्या गोष्टी

याच सुमारास मेहबूब यांनी स्वतःची कंपनी काढली, मेहबूब प्रॉडक्शन्स. तिचं चिन्ह होतं विळा आणि हातोडा. कामगार आणि शेतकरी. आणि त्याच चिन्हाबरोबर पडद्यावर एक उर्दू शेर ऐकू यायचा, ज्याचा आशय असा की कुणी कितीही वाईट चिंतलं तरी अल्लाहला मंजूर असतं तेच होतं. विळा-हातोडा बघून लोक त्यांना कम्युनिस्ट समजायचे. शेर ऐकून बुचकळ्यात पडायचे. मेहबूब मात्र नमाजी माणूस म्हणून ओळखले जात. घाम गाळणाऱ्याची बाजू घेणं आणि देवावर भरवसा ठेवणं, या दोन गोष्टींत त्यांना काही विरोध दिसला नाही. आपल्याला तरी कुठे दिसतो?

मुस्लिम घरांच्या गोष्टी सांगणारे चित्रपट त्या काळात मुस्लिम सोशल म्हणून ओळखले जात. नवाबांच्या हवेल्या, चिकाचे पडदे, मुशायरे, शिष्टाचार. मेहबूब यांनी १९४३ मध्ये ‘नजमा’ केला, अशोक कुमार आणि वीणा यांना घेऊन. डॉक्टर झालेला तरुण, खानदानी घरातली मुलगी, आणि मुलांच्या पसंतीपेक्षा मोठ्यांच्या शब्दाला असलेलं वजन. गोष्ट जुनी आहे, पण आजही किती घरांत ती जशीच्या तशी चालू आहे हे प्रत्येकाने आपापल्या घरात बघावं.

त्याच वर्षीच्या ‘तकदीर’मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीला नायिका म्हणून उभं केलं. तिचं घरचं नाव फातिमा रशीद. आपण तिला नर्गिस म्हणून ओळखतो. १९४५ च्या ‘हुमायूँ’मध्ये अशोक कुमार हुमायूँ झाले आणि नर्गिसही त्यात होत्या. देशात हिंदू-मुसलमान तणाव वाढत चाललेला असताना मेहबूब यांनी मुघल आणि राजपूत यांच्यातल्या दिलेल्या शब्दाची, मानलेल्या नात्याची गोष्ट पडद्यावर मांडली.

१९४६ चा ‘अनमोल घडी’ गाण्यांमुळे घरोघरी पोहोचला. नूरजहाँ, सुरैया आणि सुरेंद्र, तिघंही स्वतः गाणारे कलाकार. संगीत नौशाद यांचं. इथून नौशाद आणि मेहबूब यांची जोडी जमली ती शेवटपर्यंत. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. मेहबूब मुंबईतच राहिले.

आणि १९४७ मध्येच आला ‘एलान’. आमच्या मते मेहबूब यांचा हा सगळ्यात कमी बघितला गेलेला आणि आपल्या समाजाने सगळ्यात आधी बघावा असा चित्रपट. श्रीमंत मुस्लिम घराणं, एक लाडावलेला आणि दुष्ट वारस, दुसरा गरीब पण सरळमार्गी सावत्र भाऊ, आणि या दोघांच्या मध्ये सापडलेली मुलगी. मुनव्वर सुलताना, सुरेंद्र आणि हिमालयवाला यांनी कामं केली आहेत. चित्रपटाचं म्हणणं साफ आहे. शिक्षण नसेल तर घराण्याचं नाव, हवेली, नोकर-चाकर, काही कामाचं नाही. ज्या वर्षी समाजातले बरेच शिकलेले लोक सीमेपलीकडे चालले होते, त्या वर्षी स्वतः फारसा न शिकलेला एक माणूस इथे राहून समाजाला शिका म्हणून सांगत होता.

अंदाज, आन आणि वांद्र्याचा स्टुडिओ

१९४९ मध्ये ‘अंदाज’ आला. दिलीप कुमार आणि राज कपूर एकाच चित्रपटात असलेला हा एकमेव चित्रपट, सोबत नर्गिस. मुंबईच्या मरीन लाइन्सजवळचं लिबर्टी थिएटर याच चित्रपटाने सुरू झालं. चित्रपट बांधणीत पक्का आहे, पण बघताना एक गोष्ट खटकते. मोकळेपणाने वागणाऱ्या मुलीला शेवटी तिच्या मोकळेपणाचीच शिक्षा मिळते. आमच्या घरात मुलींनी यावर चांगलाच वाद घातला, आणि तो बरोबर होता. जुना आहे म्हणून प्रत्येक चित्रपटातलं सगळं डोक्यावर घ्यायची गरज नाही. मेहबूब यांच्यावर प्रेम असूनही हे म्हणता येतं.

१९५२ चा ‘आन’ म्हणजे रंगांचा उत्सव. दिलीप कुमार, निम्मी, नादिरा, प्रेमनाथ. रंगीत फिल्म तेव्हा भारतात नवलाची होती. मेहबूब यांनी १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण केलं आणि टेक्निकलरमध्ये मोठ्या प्रती तयार करून घेतल्या. चित्रपट लंडनमध्येही दाखवला गेला, तिथे त्याचं नाव इंग्रजीत बदललेलं होतं. कॅमेरा होता फरदून इराणी यांचा. मेहबूब यांचे जवळजवळ सगळे चित्रपट याच एका माणसाने टिपले. नौशाद, फरदून, शकील बदायुनी, वजाहत मिर्झा, अली रझा. माणसं निवडायची आणि मग वर्षानुवर्षं धरून ठेवायची, ही मेहबूब यांची पद्धत. आपल्याला लिहिता येत नाही तर उत्तम लिहिणारा शेजारी बसवायचा, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

१९५४ मध्ये वांद्र्याला हिल रोडवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. कधीकाळी दुसऱ्याच्या स्टुडिओत रांजणात बसणारा माणूस आता स्वतःच्या स्टुडिओचा मालक होता. तो स्टुडिओ आजही उभा आहे. त्याच वर्षीचा ‘अमर’ मात्र लहान मुलांसोबत बघू नये. त्यात नायकाच्याच हातून एका गरीब मुलीवर अत्याचार होतो आणि पुढची सगळी गोष्ट त्या गुन्ह्याच्या ओझ्याची आहे. दिलीप कुमारसारख्या लाडक्या नटाला असं उभं करायला धाडस लागतं. मोठ्यांनी जरूर बघावा.

पाचशे रुपयांचं कर्ज

आता ‘मदर इंडिया’. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या सुमारास, तो प्रदर्शित झाला. ‘औरत’चीच गोष्ट मेहबूब यांनी सतरा वर्षांनी रंगात, मोठ्या पडद्यासाठी परत सांगितली. नाव मुद्दाम घेतलेलं होतं. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहून भारतीयांची, विशेषतः इथल्या बायकांच्या स्थितीवरून, बरीच बदनामी केली होती. चित्रपटाचं नाव ऐकून सरकारी खात्यांनाही शंका आली, तेव्हा १९५५ मध्ये मेहबूब यांनी पटकथा पाठवून कळवलं की हा चित्रपट त्या पुस्तकाला उत्तर आहे.

सगळ्यांना या चित्रपटातला शेवट माहीत असतो. आई आपल्याच मुलावर गोळी झाडते. नर्गिस आई, सुनील दत्त बिरजू. चित्रीकरणात आगीच्या दृश्यात नर्गिस अडकल्या, सुनील दत्त यांनी त्यांना बाहेर काढलं, आणि मार्च १९५८ मध्ये दोघांचं लग्न झालं, हेही सगळे सांगतात. पण घरात शांत बसून पहिल्यांदा हा चित्रपट बघताना आम्हाला सगळ्यात जास्त लागली ती सुरुवात.

राधा नवी नवरी म्हणून घरात येते. अंगावर दागिने, दारात वाजंत्री, गावभर आनंद. आणि मग कळतं की हे लग्न कर्ज काढून झालंय. सासूने सावकाराकडून पाचशे रुपये घेतलेत, जमीन गहाण ठेवून. करार काय झाला यावर वाद होतो. सासूचं म्हणणं एक, सावकाराच्या वहीतलं दुसरं. पंच बसतात. सासूला वाचता येत नाही. अंगठा कशावर उठवला तिला माहीत नाही. निकाल सावकाराच्या बाजूने लागतो. पाचशे रुपयांच्या व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से सावकाराला, एक हिस्सा घराला. मुद्दल तसंच.

पुढे जे होतं ते सगळं इथून सुरू होतं. कर्ज फेडायचं म्हणून खडकाळ जमीन लागवडीला आणायची. ती साफ करताना नवऱ्याचे दोन्ही हात दगडाखाली जातात. लाचार झालेला तो एक दिवस घर सोडून निघून जातो. मग पूर, भूक, तान्ह्या लेकराचा मृत्यू. भुकेल्या पोरांसमोर धान्य दाखवून राधेच्या अब्रूचा सौदा मांडणारा सावकार सुखीलाल. ती भूमिका पुन्हा कन्हैयालाल यांनीच केली, ‘औरत’मध्ये केली होती तीच. आणि वाढत्या वयात डोक्यात त्या वहीचा राग घेऊन फिरणारा बिरजू, ज्याला ती वही वाचता येत नाही आणि सहनही होत नाही.

पिच्चर संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. सुमारे पावणेतीन तासांचा चित्रपट, त्यात चहाची सुट्टी. आमच्या घरातल्या वयस्कर बायका शेवटच्या गोळीपेक्षा त्या लग्नाबद्दलच बोलत बसल्या. कुणाच्या लग्नात किती तोळे गहाण पडले, कुणाचं शेत गेलं, कुणी कुणाकडून किती व्याजाने घेतले. मावळात जमीन विकून थाटात लग्न केल्याची उदाहरणं कुणाला नवी नाहीत. एक्सप्रेस वे आला, एमआयडीसी आली, जमिनीला भाव आला, आणि आलेला पैसा मंडपात, जेवणावळीत आणि गाड्यांत गेला. ज्यांच्याकडे विकायला जमीनच नव्हती, आणि आपल्या समाजात असे बरेच, त्यांनी दागिने ठेवले किंवा हप्त्यावर कर्ज काढलं.

आपल्या दीनमध्ये निकाह सोपा आहे. मेहर मुलाने द्यायचा. वलीमा ऐपतीप्रमाणे. व्याज हराम. हे आपण लहानपणापासून ऐकतो, जुम्म्याच्या बयानातही ऐकतो. तरीही मुलीच्या बापाला फर्निचरपासून गाडीपर्यंतची यादी पुरी करावी लागते, आणि ती पुरी करायला तो व्याजानेच पैसे काढतो. आता सुखीलाल लाल वही घेऊन ओट्यावर बसलेला दिसत नाही. आता तो फोनमधल्या अ‍ॅपमध्ये आहे, दर आठवड्याला हप्ता गोळा करायला येणाऱ्या माणसात आहे. कागद मात्र आजही न वाचताच सही होतो. इंग्रजीत छापलेली पानं, खाली फुली मारलेली, इथे-इथे सही करा. राधेच्या सासूने अंगठा उठवला होता. आपण पेनाने सही करतो, फरक तेवढाच.

मेहबूब यांना ही गोष्ट दोनदा का सांगावीशी वाटली असेल? १९४० मध्ये एकदा, १९५७ मध्ये परत. त्यांच्या डोक्यात काय होतं ते तेच जाणोत. पण ज्या माणसाचं शिक्षण गरिबीत राहून गेलं, त्याला न वाचता येणाऱ्या कागदाची भीती काय असते हे कुणी शिकवायला नको. ‘एलान’मध्ये त्याने शिका म्हणून सांगितलं. ‘मदर इंडिया’त न शिकल्याची किंमत दाखवली.

एका मताची गोष्ट

‘मदर इंडिया’ला फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेत्री हे पुरस्कार मिळाले. १९५८ मध्ये कार्लोव्ही व्हारी महोत्सवात नर्गिस उत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. त्याच वर्षी ऑस्करच्या परदेशी भाषेतील चित्रपटांच्या अंतिम पाच जणांत ‘मदर इंडिया’ होता. पुरस्कार इटलीच्या फेलिनी यांच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला गेला. फक्त एका मताने हुकलं असं आजही सांगितलं जातं. त्यानंतर या पुरस्काराच्या अंतिम यादीत जायला भारतीय चित्रपटाला १९८९ पर्यंत थांबावं लागलं, ‘सलाम बॉम्बे’ येईपर्यंत.

लहानपणीच्या बिरजूचं काम केलेला मुलगा आठवतो का? खोडकर, डोळ्यांत आग असलेला. तो साजिद खान. मेहबूब आणि सरदार अख्तर यांनी त्या गरीब घरच्या मुलाला आपलं म्हणून वाढवलं. १९६२ मध्ये त्याला घेऊन मेहबूब यांनी ‘सन ऑफ इंडिया’ केला. तो चालला नाही. मेहबूब यांचा हा शेवटचा चित्रपट. १९६३ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. काश्मीरच्या कवयित्री हब्बा खातून यांच्यावर चित्रपट करायचा त्यांचा बेत होता, तो राहून गेला. २००७ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

घरी बघायचं तर

काही घरांत सिनेमा बघितलाच जात नाही. त्यांच्या मताचा आम्हाला आदर आहे, त्यांना हा आग्रह नाही. पण ज्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाईलवर तीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ चालू असतात, त्यांनी महिन्यातून एक रात्र यासाठी काढायला काय हरकत आहे? इशाची नमाज झाली, जेवणं झाली, की सगळ्यांनी एकत्र बसायचं. फोन बाजूला.

थोडा अनुभव सांगतो. काळा-पांढरा चित्रपट आधी लावला तर लहान पोरं दहा मिनिटांत उठतात. म्हणून सुरुवात रंगीत ‘आन’ने करावी. घोडे, तलवारी, गर्विष्ठ राजकन्या, पोरं हलत नाहीत. मग ‘मदर इंडिया’. त्यानंतर ‘औरत’, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगताना काय बदललं हे मुलं स्वतःच शोधतात. ‘अनमोल घडी’ दादी-नानीसाठी ठेवावा, गाणी त्यांना आधीच पाठ असतात आणि त्या गाण्यांमागचा चित्रपट त्या पहिल्यांदाच बघत असतात. ‘एलान’ आणि ‘नजमा’ शेवटी, घरातली भाची-पुतणी लग्नाच्या वयाची असेल तर तिच्यासोबत.

भाषेची अडचण येते. घरात आपण मराठी आणि आपली दखनी बोलतो, मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. जुन्या चित्रपटांतली उर्दू त्यांना कळत नाही. मध्ये थांबवून अर्थ सांगावा लागतो. त्याचा कंटाळा करू नये. आमच्याकडे एका मुलीने वहीत शब्द लिहून ठेवायला सुरुवात केली. रेहन म्हणजे गहाण, सूद म्हणजे व्याज, मोहलत म्हणजे मुदत. चार चित्रपटांत वहीची कितीतरी पानं भरली.

आणि ‘मदर इंडिया’ संपल्यावर लगेच दिवे लावून झोपायला जाऊ नका. घरात येत्या वर्षभरात लग्न असेल तर त्याच रात्री बोला. किती खर्च करायचा, कुठून करायचा, काय नाही करायचं. मुलाकडची मंडळी असाल तर तुम्हीच आधी सांगा की यादी नको. घरात कुणी कर्ज घेणार असेल तर त्याचा कागद दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवा आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला तो मोठ्याने, मराठीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा. व्याज किती, मुदत किती, हप्ता चुकला तर काय, जामीन कोण. समजलं नाही तर सही करू नका.